वजन उतरेना, मग वजन उचलायचं का?

सेलूच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. वय ४७, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.२; ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१०; सोनोग्राफीत यकृतावर चरबी. गोळ्या अजून कसल्याच नाहीत. सात महिने झाले, आठवड्यातले सहा दिवस पाऊण पाऊण तास चालतात. वजन ७७ वरून ७४ वर आलं आणि गेले तीन महिने काटा तिथंच बसलाय. मुलगा म्हणतो जिम लाव. जाऊबाई म्हणतात, वजनं उचलून बायकांचे दंड पुरुषासारखे होतात. त्यात उजवा गुडघा उठताना कटकट वाजतो. तर चालणं आणि ताकदीचा व्यायाम दोन्ही करायचे का, किती, आणि कोणता आधी?

ताई, दोन्ही करा, पण वेळ वाढवू नका. चालण्याच्या सहा दिवसांतले दोन दिवस काढून ताकदीच्या व्यायामाला द्या. माझं उत्तर एवढंच आहे. ते कशावरून, आणि घरच्या घरी कसं जमवायचं, ते आता सांगतो. मी लातूरला एकवीस वर्षं मधुमेह आणि लठ्ठपणाचेच रुग्ण बघतोय. त्यातली पहिली दहा वर्षं मीही सगळ्यांना "चालत जा" एवढंच सांगायचो, त्यामुळे तुम्हाला कुणी तेवढंच सांगितलं असेल तर त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

काटा अडला म्हणजे सात महिने पाण्यात गेले असं समजू नका. तुमच्या वजनाच्या माणसानं तासभर झपाझप चाललं तर अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात. शरीर हलकं झालं की तेवढ्याच चालण्याला खर्च कमी लागतो. भूक थोडी वाढते, आणि "सकाळी चाललोय की" म्हणून माणूस उरलेल्या दिवसात जास्त बसतो. खर्च आणि खाणं पुन्हा बरोबरीला आलं की काटा थांबतो. पण काटा थांबला तरी आतली कामं थांबत नाहीत. यकृतावरची आणि पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी चालण्यासारख्या व्यायामानं वजन न घटताही कमी होऊ शकते, आणि साखर-ट्रायग्लिसराइड बिघडवण्यात सगळ्यात मोठा हात याच चरबीचा असतो. म्हणून चालणं बंद करून नुसती जिम लावायला मी मुळीच सांगणार नाही.

आता स्नायूंकडे येतो. आमच्या आजोळी वाड्यात पेव होतं. जमिनीत खोल खोदलेलं, वरून दगडानं झाकलेलं, वर्षभराची ज्वारी त्यात राहायची. साखरेच्या बाबतीत शरीराचं पेव म्हणजे स्नायू. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेतला मोठा वाटा स्नायू उचलतात आणि ग्लायकोजेन करून साठवतात. मोठ्या माणसाच्या स्नायूंत मिळून साधारण चारशे ग्रॅम मावतं, यकृतात शंभरेक. पेव काठोकाठ भरलेलं असेल तर नवी ज्वारी कुठं टाकणार? अंगणात. शरीराचं अंगण म्हणजे रक्त, आणि तिथून पुढं यकृत. यकृत त्या जास्तीच्या साखरेची चरबी करतं, ती ट्रायग्लिसराइड म्हणून रक्तात सोडतं, उरलेली स्वतःतच ठेवतं. तुमच्या रिपोर्टमधले तिन्ही बिघाड, म्हणजे ६.२, २१० आणि सोनोग्राफीतली चरबी, एकाच घरातले आहेत ते असे.

चालल्यानं पेव रिकामं होतं. ताकदीच्या व्यायामानं पेव मोठं होतं. दोन्ही कामं वेगळी आहेत, म्हणून एकानं दुसऱ्याची जागा भरत नाही.

यात एक बारकावा मला फार आवडतो. साखर स्नायूच्या पेशीत शिरायला ग्लूट-४ नावाची प्रथिनं लागतात. एरवी ती पेशीच्या आत पडून असतात आणि इन्सुलिनचा निरोप आला की काठावर येऊन साखर आत घेतात. लठ्ठपणात हा निरोप नीट पोचत नाही, त्यालाच आपण इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतो. पण स्नायू आकुंचन पावला की हीच प्रथिनं इन्सुलिनची वाट न बघता काठावर येतात. म्हणजे ज्याचं इन्सुलिन ऐकलं जात नाही त्याच्याही स्नायूला साखर घ्यायचा दुसरा रस्ता उघडाच असतो. शिवाय व्यायाम झाल्यावर दिवस-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतात. मग तो परिणाम ओसरतो. म्हणून रुग्णांना माझा नियम असा की लग्न असो, परीक्षा असो, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. रविवारी तीन तास चालून आठवड्याचा हिशेब चुकता होत नाही.

दोन्ही व्यायामांची तुलना करणारे अभ्यास बरेच आहेत, त्यातले तीन सांगतो. २००७ मध्ये कॅनडात टाइप २ मधुमेहाच्या २५१ जणांवर बावीस आठवड्यांचा प्रयोग झाला. चालणं-सायकल एका गटाला, वजनं दुसऱ्याला, दोन्ही तिसऱ्याला, चौथ्याला काहीच नाही. एचबीए१सी दोन्ही करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त उतरलं, नुसतं चालणाऱ्यांपेक्षा ०.४६ नं आणि नुसती वजनं उचलणाऱ्यांपेक्षा ०.५९ नं. पण त्यात दोन्ही करणाऱ्यांचा व्यायामाचा वेळही जवळपास दुप्पट होता. मग फायदा मिश्रणाचा की वेळेचा? ही शंका घेऊन अमेरिकेत लुइझियानात २६२ जणांवर नऊ महिन्यांचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं तिन्ही गटांचा वेळ साधारण सारखा ठेवला, आणि तरीही एचबीए१सी लक्षात येण्याइतकं उतरलं ते फक्त मिश्र गटाचं, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत ०.३४ नं. आकडा लहान वाटेल. पण वेळ न वाढवता, नुसती वाटणी बदलून मिळालेला आहे. तुम्हाला वर "वेळ वाढवू नका" म्हणालो ते याच्याच जोरावर.

तिसरा अभ्यास ड्यूक विद्यापीठाचा, आणि तो तुमच्यासारख्यांना जास्त लागू पडतो, कारण त्यातले लोक जास्त वजनाचे होते पण मधुमेही नव्हते. आठ महिन्यांनी पोटाच्या आतली आणि यकृताची चरबी चालण्या-धावण्यानं घटली, नुसत्या वजनांनी घटली नाही. स्नायू मात्र वजनांनीच वाढले. कंबर, रक्तदाब, साखर, चरबी यांचा मिळून जो मेटाबॉलिक सिंड्रोमचा गुणांक काढतात, तो मिश्र गटात स्पष्ट सुधारला, नुसत्या वजनांनी फारसा हलला नाही. त्या संशोधकांनी हेही प्रामाणिकपणे लिहिलंय की वेळ अगदीच थोडा असेल तर एकटा एरोबिक, म्हणजे चालण्या-धावण्यासारखा, व्यायामच जास्त किफायतशीर. म्हणजे एखाद्याला आठवड्यात जेमतेम शंभर मिनिटं मिळत असतील तर मी त्याला डंबेल घ्यायला लावणार नाही. पण तुम्ही आठवड्याला २७० मिनिटं देताय. तुमच्याकडं वाटणी करण्याइतकं आहे.

जिमवाले एक गोष्ट फुगवून सांगतात. "मसल वाढला की झोपेतसुद्धा चरबी जळते." खरं आहे, पण किती? एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला तेराच्या आसपास कॅलरी खातो. एक चमचा साखरेतही त्याहून जास्त असतात. वजन झपाट्यानं उतरेल या आशेनं स्नायू वाढवायला गेलात तर सहा महिन्यांत निराश होऊन परत याल. स्नायू हवेत ते साखरेला जागा म्हणून, आणि म्हातारपणी उठता-बसता यावं म्हणून.

हे दुसरं मला एका आजोबांनी शिकवलं. औसा तालुक्यातले, सत्तरीतले. मी सांगितलं तसं चालायला लागले, भाकरी निम्म्यावर आणली, वर्षभरात नऊ किलो उतरवले. साखर सुधारली. मी खूश, सगळ्या वेटिंगसमोर त्यांची पाठ थोपटली. जाताना ते हळूच म्हणाले, "साहेब, पंगतीत बसायचं बंद केलंय. बसलो की उठताच येईना." मी त्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. दोनदा झोक घेतला, तिसऱ्यांदा मांड्यांवर हात रेटून उठले. उतरलेल्या नऊ किलोंत चरबीबरोबर मांड्याही गेल्या होत्या, आणि मी काट्याकडंच बघत बसलो होतो. पुढं २०१७ मध्ये पासष्टी ओलांडलेल्या १६० लठ्ठ लोकांचा अमेरिकन अभ्यास वाचला तेव्हा ते आजोबाच डोळ्यापुढं आले. व्यायामाच्या तिन्ही गटांत वजन सारखंच, ९ टक्क्यांनी उतरलं होतं. पण नुसत्या एरोबिक गटाचं चरबी सोडून उरणारं वजन ५ टक्के गेलं, मिश्र गटाचं ३ टक्के. आणि उठणं, चालणं, जिना चढणं यांच्या चाचणीत मिश्र गट २१ टक्क्यांनी सुधारला, बाकीचे दोन्ही १४ टक्क्यांनी.

आपल्या लोकांना हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे एक इंग्रज सहकारी यांची तुलना २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रजाच्या ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या २१.२ टक्के. त्याच वजनात आपल्याकडं चरबी जास्त आणि स्नायू कमी, म्हणजे पेव जन्मापासूनच लहान. म्हणून तर आपल्यासाठी कंबरेची मर्यादाही कमी ठेवली आहे, बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९०.

"दिवसभर रानात राबूलालो की, आता अजून कसला व्यायाम?" हे वाक्य मला आठवड्यातून चारदा ऐकू येतं. राबणं खोटं नाही. पण खुरपणीत कंबर तासन्‌तास वाकलेली असते आणि मांड्यांवर, छातीवर वाढता भार काही येत नाही. सोयाबीन काढलं की कामही थांबतं. नांगरट ट्रॅक्टरनं होते, रानात जाणं मोटारसायकलवर. स्नायू वाढायला भार हळूहळू वाढत जावा लागतो, आणि रानातलं काम थकवतं पण ते त्या हिशेबानं वाढत नाही. तुमची तर शाळा. उभं राहून शिकवता ते चांगलंच, पण त्यानं पेव मोठं होत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सोमवार आणि गुरुवार ताकदीचे, बाकी चार दिवस चालण्याचे, रविवार सुट्टी. उपकरणं म्हणून पत्र्याची किंवा लाकडाची हात नसलेली खुर्ची, एक भिंत आणि पाच लिटरचे दोन कॅन. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, त्यामुळे वजन मोजायची कटकट नाही, आणि सुरुवातीला अर्धे भरता येतात.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची बैठक, पण खुर्चीची. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही. कडेवर बसा, पावलं एकमेकांपासून खांद्यांइतकी लांब, टाचा गुडघ्यांच्या जराशा मागं. हात छातीवर घ्या. नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढं झुका आणि मग टाचांनी जमीन दाबत उठा. बसताना धपकन बसू नका, मनात तीन आकडे म्हणत खाली या. खरं काम त्या खाली येण्यात आहे. गुडघे आत एकमेकांकडं वळत असतील तर ओढणीचा सैल फास मांड्यांभोवती घालून तो ताणलेला ठेवायचा, गुडघे आपोआप सरळ राहतात. साडीवर हे जमत नाही, पंजाबी ड्रेसच घाला. उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो.

मग भिंतीवर जोर, हातभर लांब उभं राहून. ते सोपे झाले की ओट्याच्या कडेवर. मग एक हात खुर्चीवर टेकून पुढं वाकायचं आणि दुसऱ्या हातानं कॅन कमरेपर्यंत ओढायचा, विहिरीतून पोहरा ओढावा तसा. मग दोन्ही हातांत कॅन धरून अंगणात फेऱ्या, खांदे मागं. डोक्यावरच्या घागरीनं मानेचे हाल होतात, तेच वजन हातात आलं की पाठ, मुठी, पोट सगळं कामाला लागतं. शेवटी भिंतीला धरून टाचा उचलणं. प्रत्येकाच्या दहा-बारा आवृत्त्या, पहिले दोन आठवडे एकेकच फेरी, मग दोन, मग तीन. शेवटच्या दोन आवृत्त्या जड गेल्या पाहिजेत. बारा सहज होऊ लागल्या की कॅनमध्ये पाणी वाढवा. पस्तीस-चाळीस मिनिटांत सगळं उरकतं.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, जिना उतरताना हसू येईल इतक्या. दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यातच दुखलं, सूज आली, तर मात्र थांबा. नुसती कटकट वाजते आणि दुखत नाही, सूज नाही, तर त्या आवाजाला घाबरू नका. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा ताण हलका होतो.

चालण्याच्या चार दिवसांत एक बदल करा. सात महिने एकाच चालीनं चालताय, शरीराला ती पाठ झालीय. दोन दिवस असं चाला की बोलता यावं पण अभंग म्हणता येऊ नये. त्यातच मधूनमधून एकेक मिनिट आणखी जोरात. बाकी दोन दिवस नेहमीसारखं. आणि रात्रीच्या जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं, वेग नसला तरी चालेल. जेवणानंतर चढणारी साखर त्यानं चांगली आवरते. ते सहा दिवसांच्या हिशेबात धरू नका.

एकाच दिवशी दोन्ही करायची वेळ आली तर ताकदीचं आधी, चालणं नंतर, कारण थकलेल्या पायांनी बैठक बिघडते. एरोबिक व्यायाम स्नायूंची वाढ मारतो असं इंटरनेटवर वाचाल. त्याचं मूळ १९८० च्या एका प्रयोगात आहे, त्यात माणसं आठवड्यातले जवळपास सगळे दिवस दोन्ही व्यायाम जीव तोडून करत होती. आपल्याला तो प्रश्न येत नाही.

तुम्हाला गोळ्या नाहीत, पण घरात इतर कुणी बरोबर सुरू करणार असेल तर ऐका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको, खिशात साखर हवी आणि डोस आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल तर जड वजनं नकोत. तळपाय बधिर असतील तर अनवाणी चालणं बंद. चालताना छातीत दाटतं त्यानं आधी ईसीजी, मग बाकी सगळं. आणि आपला एप्रिल-मे. परभणीचा पारा चाळिशी पार करतो तेव्हा सकाळी सातच्या आत उरका. लघवीवाटे पाणी काढणारी रक्तदाबाची गोळी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

जाऊबाईंना सांगा, पुरुषासारखे दंड व्हायला टेस्टोस्टेरॉन लागतं आणि ते बाईच्या अंगात पुरुषाच्या कितीतरी पट कमी असतं. आठवड्यात दोन दिवस पाच किलोचे कॅन उचलून तसे दंड होत असते तर आपल्याकडं पाणी वाहणारी प्रत्येक बाई पैलवान झाली असती. खाण्याचं इथं लांबवत नाही, फक्त प्रत्येक जेवणात डाळ, हुलगे, दही, अंडं यातलं प्रथिनांचं काहीतरी भरपूर असू द्या. नुसत्या भाकरी-ठेच्यावर स्नायू बांधले जात नाहीत.

पहिला महिना काटा हलणार नाही, कदाचित अर्धा किलो वरही जाईल. तेव्हा वजनकाटा पलंगाखाली सारा. ताकद तीन-चार आठवड्यांतच वाढल्यासारखी वाटेल, ती आधी मज्जातंतूंची करामत असते, स्नायू मागून येतात. एचबीए१सी तीन महिन्यांआधी करू नका, त्याआधी तो आकडा खरा बोलत नाही. कंबर महिन्यातून एकदा, सकाळी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. टेप नसेल तर आमच्या पुरुष रुग्णांचा करदोटा आहे, बायकांची परकराची नाडी. उदगीरकडच्या एक काकू पाचव्या महिन्यात आल्या तेव्हा वजन दीडच किलो कमी होतं आणि त्या रडवेल्या झाल्या होत्या. नाडीवर पूर्वीच्या गाठीचा काळपट, चुरगळलेला डाग होता. नवी गाठ त्याच्या चार बोटं आत बसत होती. एचबीए१सीचा कागद त्यांनी नंतर उघडला.

मुलाला म्हणावं, जिमचे पैसे सध्या ठेव, तीन महिन्यांनी कॅन हलके वाटायला लागले की बघू. आणि घरातला वीस लिटरचा जार पहिल्याच आठवड्यात उचलून दाखवायच्या भानगडीत पडू नका, तो त्यालाच उचलू द्या.